पारख आणि जामीन



आपल्यापैकी ज्यांचे बालपण वाडीवस्तीवर गेले, त्यांना गडी वाटण्याची जुनी रीत आठवत असेल. हुतूतूचा डाव मांडायचा म्हणजे आधी दोन म्होरके ठरत. उरलेली मुले आपसांत जोड्या लावीत. साधारण सारख्या ताकदीचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला जात, गुपचूप दोन नावे ठरवीत आणि परत येऊन विचारीत, ‘कोणाला हवा आंबा, कोणाला हवा फणस?’ म्होरक्याने आंबा मागितला की तो त्याचा, फणस दुसऱ्याचा. अशा रीतीने सगळे वाटले गेले की शेवटी एखादे लहान पोर उरे. त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून कोणत्या तरी बाजूला घेत. त्याच्या खेळण्याने डाव जिंकत नसे की हरत नसे. परंतु त्याला घरी कोणी पाठवीत नसे.

या रीतीतले शहाणपण तेव्हा आपल्या ध्यानात आले नाही. पारख करण्याचे काम तिथे मुले स्वतःच करीत. तगड्या गड्याने मुद्दाम दुबळा जोडीदार आणला, तर बाकीची मुले लगेच गलका करीत. पारख झाल्यावर उरलेला भाग दैवावर सोपवलेला असे, म्हणून नंतर रडायला जागा नसे. आज याच निवडीचा जगभर फार मोठा व्यवहार झाला आहे. खेळाडूंचे लिलाव होतात, अदलाबदल होते, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी चर्चा चालते की अमक्या संघाने साधले, तमका संघ फसला. हा न्याय आपण कशाच्या आधारावर करतो, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कोणी म्हणेल, भोरच्या व्यासपीठावर इतिहासाच्या नावाखाली हे लिलावाचे पुराण कशाला? माझे उत्तर असे की, माणसे निवडणे आणि हातचे देऊन दुसरे घेणे या दोन विद्यांचे उत्तम धडे आपल्याच दोन तालुक्यांत गिरवले गेले आहेत. भोरच्या बाजूला माणसांची निवड झाली, आणि वेल्ह्याच्या बाजूला, म्हणजे ज्या तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे तिथे, देवाणघेवाणीची कसोटी लागली. आधी ते पाहू आणि मग मैदानाकडे वळू.

जून १६५९ मध्ये विजापूरच्या दरबारातून मावळच्या देशमुखांना फर्माने सुटली. अफझलखान येत आहे, त्याला येऊन मिळा, नाही तर परिणाम भोगा, असा त्यांचा रोख होता. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे हे आपल्या कारी गावचे. त्यांनाही असे फर्मान आले. जेधे करीन्यातली हकीकत आपल्याला ठाऊक आहे. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडास शिवाजी महाराजांकडे गेले, फर्मान त्यांच्यापुढे ठेवले आणि हातावर पाणी घेऊन वतनावर उदक सोडले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले.

आता मी एक अवघड प्रश्न विचारतो. त्या जून महिन्यात कारी आणि उत्रवळीच्या मधल्या बांधावर एखादा हिशेबी माणूस उभा असता, तर त्याने कोणाला शहाणे म्हटले असते? एका बाजूला विजापूरची मोठी फौज आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन होते. दुसऱ्या बाजूला तिशीतही न पोहोचलेला एक राजा होता. त्या दिवसाच्या हिशेबाने खोपड्यांचा सौदा सुरक्षित होता आणि जेध्यांचा वेडाचा. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, प्रतापगडाच्या पायथ्याशी हिशेब उलटला. आज आपण म्हणतो, कान्होजींना पारख होती. ते खरेच आहे. परंतु ती पारख निकालावरून सिद्ध होत नाही. निकाल दुसरा लागला असता तरी कान्होजींची निष्ठा रतिमात्र कमी ठरली नसती. त्यांनी फौजा मोजल्या नव्हत्या, माणूस जोखला होता.

दुसरे उदाहरण हिरडस मावळच्या बांदलांचे. हे बांदल आरंभी महाराजांचे विरोधक. रोहिड्याच्या परिसरात त्यांच्याशी झुंज झाल्याची परंपरा सांगितली जाते. त्यांच्याच पदरी बाजी प्रभू देशपांडे होते. विरोधी बाजूचा लढवय्या हरल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रत्येक विजेत्यापुढचा प्रश्न असतो. महाराजांनी बाजी प्रभूंना आणि बांदलांच्या जमावाला आपल्याकडे वळवून घेतले. त्या दिवशी या निवडीची किंमत कोणी सांगू शकला असता काय? ती जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत कळली. त्यानंतर दरबारातला पहिला मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला आणि जेध्यांनी तो मनापासून दिला, असे परंपरा सांगते. आपल्या खोऱ्यातल्या दोन घराण्यांच्या या थोरपणाचा उच्चार करताना आजही ऊर भरून येतो.

या निवडीमागे एक पद्धत होती. ग्रांट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे की, पायदळात येणाऱ्या प्रत्येक माणसाला महाराज स्वतः पाहून घेत, आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाची तरी त्याच्याबद्दल जामीनकी घेत. ‘जामीन’ हा शब्द आपण ध्यानात ठेवू या. मला शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे. निवडलेला माणूस कच्चा निघाला, तर त्याची शिफारस करणाऱ्यालाही जाब द्यावा लागणार, अशी ही व्यवस्था होती. ज्याला चुकीची झळ पोहोचते, तोच डोळे उघडे ठेवून पारख करतो.

आता देवाणघेवाणीकडे वळू. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झा राजा जयसिंगाला तेवीस किल्ले आणि सुमारे चार लाख होनांचा मुलूख द्यावा लागला. महाराजांकडे बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. नुसती बेरीज-वजाबाकी केली, तर हा सौदा दिवाळखोरीचा दिसतो. भोरकरांच्या डोक्यावरचा रोहिडा गेला, कोंढाणा गेला, पुरंदर गेला. परंतु राहिलेल्या बारांची यादी पाहा. तीत राजगड आहे, तोरणा आहे, रायगड आहे. देणे सक्तीचे होते. त्यातही राज्याचा जीव ज्या डोंगरात होता, तो डोंगर हातचा सुटला नाही. कंबरेएवढ्या पाण्यात सापडलेला माणूस शहाणा असेल तर गाठोडे सोडतो, पण पाय टेकायचा खडक सोडत नाही. पुढे १६७० साली कोंढाणा, पुरंदर, रोहिडा एकामागून एक परत आले. देवाणघेवाणीचा न्याय करताना काय दिले आणि काय घेतले एवढेच आपण पाहतो. हातात काय उरले आणि त्या उरलेल्यातून पुढे काय उभे करता आले, हा तिसरा रकाना आपण बहुधा कोराच ठेवतो.

हे दोन धडे घेऊन आता आपण फार लांब, ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथे मेलबर्न शहरात १८५९ साली एका देशी फुटबॉलचे नियम लिहिले गेले. हा खेळ लंबगोल मैदानावर खेळतात. एका बाजूला अठरा गडी असतात, आणि चेंडू पायाने मारतात तसा हातानेही पुढे देतात. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नाही. पण गडी वाटण्याचा प्रश्न त्या लोकांनी ज्या बारकाईने सोडवायचा प्रयत्न केला आहे, तो आपण पाहण्यासारखा आहे.

त्यांची अडचण अशी होती की, श्रीमंत संघ चांगले खेळाडू ओढून नेत आणि दुबळे संघ दुबळेच राहत. म्हणून १९८६ साली त्यांनी पाळीची पद्धत सुरू केली. तिला ते ‘ड्राफ्ट’ म्हणतात. नव्या दमाचे खेळाडू एकत्र मांडायचे आणि सर्वांत खाली राहिलेल्या संघाने पहिली निवड करायची. मग त्याच्या वरच्याने, असे चढत जायचे. हरलेल्याला पहिला घास, असा हा न्याय आहे. परंतु माणसाची बुद्धी स्वस्थ बसत नाही. पाळीला किंमत आली, तेव्हा पाळीचीच अदलाबदल होऊ लागली. ‘माझा हा तयार खेळाडू घे आणि तुझी पहिली पाळी मला दे’, असे सौदे ठरू लागले. एका हातात आजचा पिकलेला आंबा आणि दुसऱ्या हातात उद्याची कोय. यातले कोणते जड, हे सांगणे सोपे नाही.

२००१ सालची एक अदलाबदल सांगतो. फ्रीमँटल नावाचा संघ त्या वर्षी बावीस सामन्यांपैकी दोनच जिंकून तळाला गेला होता, म्हणून पहिली पाळी त्याची होती. हॉथॉर्न या संघाने आपले ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोन तरुण खेळाडू फ्रीमँटलला दिले आणि बदल्यात पहिली, विसावी आणि छत्तिसावी अशा तीन पाळ्या घेतल्या. पहिल्या पाळीने त्यांनी ल्यूक हॉज हा मुलगा घेतला आणि छत्तिसावीने सॅम मिचेल.

या सौद्याचा न्याय कसा करावा? त्या दिवशी विचारले असते, तर फ्रीमँटलचे वागणे समंजस वाटले असते. ज्याला दोनच विजय मिळाले, त्याला तयार माणसे हवीच असणार. दोन वर्षांनी क्रोड पुन्हा हॉथॉर्नकडेच परत गेला, तेव्हा लोक फ्रीमँटलला हसले. २००८ साली हॉथॉर्नने अजिंक्यपद मिळवले. त्यांचा कर्णधार होता छत्तिसाव्या पाळीचा मिचेल, अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला हॉज, आणि परत आलेला क्रोडही त्या दिवशी मैदानात होता. त्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. पुढे २०१३, २०१४ आणि २०१५ ही तीन अजिंक्यपदे हॉथॉर्नने हॉजच्या नेतृत्वाखाली जिंकली. तेव्हा सर्वांनी म्हटले, असा सौदा पुन्हा होणे नाही. परंतु तोवर फ्रीमँटलकडे राहिलेला मॅकफार्लिन कसलेला बचावपटू झाला होता आणि २०१२ साली सबंध देशाच्या निवडक संघात त्याची गणना झाली होती. म्हणजे फ्रीमँटलची झोळीही अगदीच रिकामी नव्हती.

आणखी एक गोष्ट पाहा. त्याच वर्षी तिसऱ्या पाळीला ख्रिस जड नावाचा मुलगा वेस्ट कोस्ट संघाकडे गेला. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पदक त्याने पुढे दोनदा मिळवले. हॉजला ते एकदाही मिळाले नाही. मग पहिल्या पाळीला हॉथॉर्नने हॉज घेतला तो चूक होता का? चार अजिंक्यपदे हाती असताना चूक कोण म्हणेल? हाच जड २००७ साली कार्लटन संघाकडे गेला. वेस्ट कोस्टने त्याच्या बदल्यात निवडीच्या पाळ्यांबरोबर जॉश केनेडी नावाचा एक कोवळा मुलगा घेतला. लोकांना वाटले, सोने देऊन पितळ घेतले. जडने कार्लटनला पदकाचा मान दिला, पण अजिंक्यपद काही मिळाले नाही. केनेडी मात्र वेस्ट कोस्टच्या इतिहासात सर्वांत अधिक गोल करणारा ठरला आणि २०१८ च्या अजिंक्यपदात त्याचा वाटा होता. ज्याला अजून मिसरूड फुटायचे आहे, त्याच्या पितळ-सोन्याचा निवाडा पहिल्या दिवशी करू नये, एवढे तरी यावरून शिकावे.

त्या लोकांनी पाळ्यांच्या किमतीचे कोष्टकही केले. २०१५ पासून पहिल्या पाळीला तीन हजार गुण, दुसरीला २५१७, तिसरीला २२३४, अशी उतरंड त्यांनी ठरवली होती. व्यवहाराला असे कोष्टक लागतेच. तथापि कोष्टक सरासरी सांगते. माणूस सांगत नाही. १९९० साली थेट एकोणऐंशीव्या पाळीला जेम्स हर्ड नावाच्या मुलाला घेतले गेले. तो पुढे देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २००० साली आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार झाला. कोष्टकाच्या हिशेबाने तो कवडीमोल होता.

आता घरी परत येऊ. आपला हुतूतू कबड्डी झाला आणि २०१४ साली त्याचा व्यावसायिक सामन्यांचा थाट सुरू झाला. इथे पाळी नाही, लिलाव आहे. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगतो. इथे तोच भाव दिव्यांच्या झगमगाटात जाहीर होतो, एवढाच फरक! पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर, बारा लाख ऐंशी हजारांची होती. २०२२ मध्ये पवन सेहरावतवर तमिळ संघाने दोन कोटी सव्वीस लाख लावले. आठ वर्षांत भाव कुठल्या कुठे गेला!

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा दुखावला आणि सबंध हंगाम तो बाहेर बसला. सगळे म्हणाले, पैसे बुडाले. पण त्याच हंगामात नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू पुढे आला आणि तमिळ संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या वर्षी तेलुगू संघाने पवनवर दोन कोटी साठ लाखांच्या वर बोली लावली. तो स्वतः उत्तम खेळला, पण संघ तळाला राहिला. हुतूतूत एकट्याने चढाई करता येते. पकड मात्र साखळी धरून करावी लागते.

आपल्या पुण्याच्या संघाचे उदाहरण याला जोडून घ्यावे. त्यांनी अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी तरुण पोरे आधी जमवून वाढवली. २०२३ मध्ये त्यांच्या जोडीला मोहम्मदरेझा शादलू या इराणी खेळाडूवर दोन कोटी पस्तीस लाख खर्च केले आणि मार्च २०२४ मध्ये अजिंक्यपद पटकावले. पुढच्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता झाला. याचा अर्थ मोठी किंमत नेहमी वाया जाते असे नाही. घर आधी बांधलेले असेल तर महागडी तुळईसुद्धा उपयोगी पडते. भिंतीच नसतील तर ती अंगणात पडून राहते.

तात्पर्य काय? मला वाटते, निवडीचा न्याय करताना दोन वह्या ठेवाव्यात. एका वहीत त्या दिवशी काय माहीत होते ते लिहावे. दुसरीत पुढे काय घडले ते. पहिल्या वहीवरून निवडणाऱ्याची बुद्धी कळते, दुसरीवरून दैव आणि परिश्रम यांचे फळ कळते. आपली चूक अशी होते की, दुसरी वही वाचून आपण पहिलीचा निकाल देतो. आणि तीही पुरती लिहून होण्याचा धीर आपल्याला नसतो. पी हळद आणि हो गोरी, असा आपला खाक्या. बैल घरी आला की साऱ्या वाडीने महाग-स्वस्त ठरवून टाकावे, आणि एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याने म्हणावे, ‘एक पेरणी होऊ द्या, मग बोलू.’ मी त्या म्हाताऱ्याच्या पक्षाचा आहे.

परंतु बैल आणि माणूस यांत एक भेद आहे, आणि तो सांगून मी थांबतो. बैलाला आपली किंमत कळत नाही, पोराला कळते. आज वेल्ह्याच्या खोऱ्यातला एखादा मुलगा निवड-चाचणीसाठी पहाटेच्या एसटीने पुण्याला जातो आणि नाव न लागता संध्याकाळी परत येतो. गाव विचारते, ‘काय झाले?’ तो मान खाली घालतो. त्या एका दिवसावरून आपण त्याच्या नावापुढे आकडा लिहून मोकळे होतो, आणि तो आकडा तो जन्मभर वागवतो. एकोणऐंशीव्या पाळीच्या मुलाची गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून मला जामिनाची ती जुनी रीत मोलाची वाटते. आपल्याकडची मंडळे, शाळा, तालमी पोरांची निवड करतात. त्या निवडणाऱ्यांनी नुसते पारखी होऊ नये, जामीन व्हावे. ज्याला घेतले, त्याच्या घडणीची हमी द्यावी. त्याचा गुडघा दुखावला तर विचारपूस करावी, त्याचे शिक्षण सुटले तर जाब द्यावा. महाराजांपुढे कान्होजींनी आपल्या कुटुंबकबिल्याची चिंता बोलून दाखवली, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेची तजवीज करण्यात आली, असे करीना सांगतो. माणूस घेतला म्हणजे त्याचे घरही घेतले, असा त्या काळचा समज होता. आणि ज्याला घेता आले नाही, त्याला निदान लिंबूटिंबू म्हणून तरी डावात ठेवावे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो कोण होईल, हे आज या सभेत बसलेल्या कोणालाही सांगता येणार नाही.